मालकाच्या हातात किती पडले?

रायगडच्या किनाऱ्यावर एखादी जमीन विकायला निघाली, की ती बातमी सर्वांत आधी गावातल्याच एखाद्या माणसाला कळते. तो रिक्षा चालवत असतो, बांधकामाला खडी पुरवत असतो, एखाद्या मुंबईकराच्या बंगल्याची राखण करत असतो, नाहीतर ग्रामपंचायतीचा माजी सदस्य असतो. कोणाच्या घरात वाटण्या चालल्या आहेत, कोणाला लेकीच्या लग्नासाठी पैसे उभे करायचे आहेत, कोणाच्या भातखाचरात उधाणाचे पाणी शिरून पीक हातचे गेले आहे, हे त्याला घरबसल्या ठाऊक असते. त्याच्याकडून बातमी चोंढी, पोयनाड, रेवदंडा किंवा अलिबागच्या मध्यस्थाकडे जाते आणि तिथून मुंबईच्या एजंटाकडे. मग ठाण्या-दादरच्या गुंतवणूकदाराच्या मोबाइलवर ड्रोनने टिपलेली हिरवळ येते. मागे समुद्राची रेघ आणि खाली ओळ: ‘क्लिअर टायटल, रोड टच, जेट्टीपासून पंधरा मिनिटे.’

या प्रवासात बातमीचे तीन-चार हात होतात आणि प्रत्येक हाताला भाव वाढतो. वाढलेला भाव मूळ मालकापर्यंत पोहोचत नाही. गुंतवणुकीसाठी इथे जागा शोधणाऱ्याने हे आधी समजून घेतले पाहिजे. कारण ज्या व्यवहारात मालक आणि गिऱ्हाईक एकमेकांच्या समोर बसत नाहीत, त्याच व्यवहारात पुढे सह्या कमी पडतात, रस्ता नसल्याचे उघड होते आणि दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

मागणी वाढण्याची कारणे उघड आहेत. गेटवेहून लाँचने मांडव्याला जाणे जुनेच. पण मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली आणि मुंबईकराची गाडी बोटीत बसून मांडव्याला उतरू लागली. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांच्या नव्या नगरासाठी एमएमआरडीएची नेमणूक झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. रेवस आणि करंजा यांना जोडणाऱ्या पुलाची चर्चा तर बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासूनची. कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले ते १९८१ साली, अंतुले मुख्यमंत्री असताना. त्यानंतर एक पिढी म्हातारी झाली, तेव्हा कुठे त्या पुलाच्या कामाला गती आली. म्हणून मध्यस्थ पुलाचे नाव सांगून भाव सांगू लागला, तर पूल कागदावर आहे, निविदेत आहे की खांबांवर उभा आहे, एवढे विचारायला लाजू नये. घोषणेचा भाव आजच देऊन बसले, की पुढच्या वाढीतला मोठा वाटा विकणाऱ्या साखळीच्या खिशात आधीच गेलेला असतो.

आता तो भाव कसा वाढतो ते पाहू. गावाकडचा मालक बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो: ‘माझ्या हातात एवढे पडले पाहिजेत, वरचे तुमचे तुम्ही बघा.’ समजा, त्याने गुंठ्याला ४ लाख सांगितले. वीस गुंठ्यांचे ८० लाख. तीच जागा मुंबईकराला ६ लाख गुंठ्याने, म्हणजे १ कोटी २० लाखांना दाखवली जाते. मधले ४० लाख हे ‘वरचे’. ते साखळीत वाटले जातात आणि शिवाय गिऱ्हाइकाकडून रीतसर दोन टक्के दलाली घेतली जाते ती वेगळीच. कधी मध्यस्थ स्वतःच मालकाला टोकन देतो, आपल्या नावे साठेखत करून घेतो, सहा महिन्यांची मुदत ठेवतो आणि त्या मुदतीत गिऱ्हाईक गाठतो. याला बाजारात ‘पलटी’ म्हणतात. खरेदीखतात तो ‘मान्यता देणार’ म्हणून सही करतो आणि बाजूला होतो. साठेखत नोंदवलेले असेल आणि सगळे पैसे बँकेतून फिरले असतील, तर यात बेकायदा काही नाही. पण बहुतेक वेळा ‘वरचे’ रोखीने मागितले जातात. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेण्यास आयकर कायद्याने २०१५ पासून मनाई केलेली आहे. पुढे व्यवहार फिसकटला, तर त्या रोख रकमेचा एक रुपयाही कोणत्याही कागदावरून सिद्ध करता येत नाही.

मध्यस्थाला त्याच्या कष्टाचे पैसे मिळू नयेत, असे माझे मुळीच म्हणणे नाही. मुंबईत बसलेल्या माणसाला अलिबागजवळच्या खंडाळे गावातल्या कांद्याच्या मळ्यामागची वाट कशी कळणार? आक्षीची कोणती वाडी चार भावांत अडकली आहे, हे तो कोणाला विचारणार? ही माहिती गोळा करायला माणूस आयुष्यभर त्या गावात राहावा लागतो. तिचे मोल आहेच, फक्त ते मोल उघडपणे, आकडा लिहून आणि पावती घेऊन दिले पाहिजे. मालकाला प्रत्यक्षात किती मिळणार, हे गिऱ्हाइकाने थेट मालकालाच, त्याच्या ओटीवर बसून विचारले पाहिजे. हा प्रश्न विचारू न देणारा मध्यस्थ तिथेच सोडून द्यावा.

कायद्याचे संरक्षण कुठपर्यंत पोहोचते, याबद्दल शहरी गुंतवणूकदाराची समजूत फार अपुरी असते. महारेरा, म्हणजे राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, १ मे २०१७ पासून कार्यरत आहे. स्थावर संपदा कायद्याच्या कलम ९ नुसार एजंटाला नोंदणी घ्यावी लागते, ती पाच वर्षे चालते, आणि २०२३ पासून प्रशिक्षण व परीक्षेची अटही आली. मात्र ही नोंदणी लागते ती नोंदणीकृत प्रकल्पातला भूखंड किंवा घर विकून देण्यासाठी. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर कोणी प्लॉट पाडून विकत असेल, तर तो प्रकल्प महारेरात असला पाहिजे आणि विकणारा एजंटही. किहीमच्या एखाद्या शेतकऱ्याचे तीस गुंठे भातशेत विकून देणारा माणूस या चौकटीत येतच नाही. त्याच्याकडे महारेराचा क्रमांक असला, तरी त्या व्यवहारापुरता तो तुम्हाला काही कामाचा नाही, कारण तक्रार घेऊन जायला तिथे दारच नाही. म्हणजे ज्या व्यवहारात धोका सर्वांत मोठा, त्यातल्या मध्यस्थावर देखरेख सर्वांत कमी, अशी आजची स्थिती आहे.

धोका मोठा का, हे कळायला अलिबाग तालुक्यातल्या चरी गावापर्यंत जावे लागते. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी तिथे कुळांची सभा भरली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली आसपासच्या पंचवीस गावांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला. १९३९ पर्यंत, सलग हंगामामागून हंगाम, शेते ओस राहिली. माणसांनी लाकूडफाटा विकला, मिळेल ती मजुरी केली, उपाशी राहिली. पण नांगर धरला नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. त्याच वर्षी अलिबागेत ‘कृषीवल’ हे वृत्तपत्र सुरू झाले. १९३९ चा कुळकायदा, पुढे १९४८ चा, त्यानंतर खोती निर्मूलन आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ही सगळी मालिका या मातीतून उगवलेली आहे. कसणाऱ्याला जमिनीचा मालक करणारा तो दिवस. आज ड्रोनच्या चित्रफितीत जी हिरवळ दिसते, तिच्यातली कितीतरी खाचरे अशा उपासमारीतून कुळांच्या नावावर चढली आहेत. ती विकत घेणाऱ्याला निदान एवढे माहीत असावे.

आणि माहीत असण्यात त्याचा व्यवहारी फायदाही आहे, कारण तो इतिहास सातबाऱ्यावर आजही लिहिलेला आहे. उतारा हातात घ्या. डावीकडे भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, ते आधी पाहा. मग नजर ‘इतर अधिकार’ या रकान्यावर न्या. घाईतला गुंतवणूकदार हा रकाना वाचत नाही आणि घाईतला एजंट तो वाचू देत नाही. तिथे ‘कु. का. कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा असेल, तर ही कुळाला मिळालेली जमीन आहे, परवानगीशिवाय तिची विक्री होत नव्हती. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी झाली. कुळाने जमीन विकत घेतल्याला दहा वर्षे होऊन गेली असतील, तर आकारणीच्या ४० पट नजराणा भरून ती शेतकऱ्याला विकता येते. रक्कम किरकोळ असते. पण ती भरलीच नसेल, तर सगळा व्यवहार लंगडा राहतो.

त्याच रकान्यात कोणाचे तरी नाव ‘साधे कूळ’ म्हणून उरलेले असेल, तर आणखी थांबायला हवे. १ एप्रिल १९५७ रोजी जमिनीची मालकीण विधवा असेल, मालक अज्ञान असेल किंवा सैन्यात असेल, तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला गेला होता. किनाऱ्यावर अशी अनेक प्रकरणे पुढे नीट मिटलीच नाहीत. विधवा गेली, कूळ गेले, दोघांचे वारस मुंबई-पुण्यात विखुरले आणि रकान्यातली ओळ तशीच राहिली. एजंट म्हणतो, ‘जुनी नोंद आहे, काढून टाकू.’ ती काढून टाकायची नसते. तहसीलदारांपुढे रीतसर चौकशी होऊन तिचा निर्णय व्हावा लागतो. त्यासाठी फेरफार मागे मागे वाचत जावे लागते, १९५७ च्याही अलीकडे-पलीकडे. मोडी आणि जुन्या हातवळणाच्या नोंदी वाचणारी माणसे तालुक्याच्या गावी अजून भेटतात. एका दिवसाची त्यांची फी दलालीच्या मानाने काहीच नसते.

वारसांचा प्रश्न याहून नाजूक आहे. गावात मालक म्हणून जे समोर येतात ते भाऊ असतात. बहिणी नागोठणे, महाड, डोंबिवली, कुठेही दिलेल्या असतात. ‘त्यांचे काही नाही, त्या सही करतील,’ हे वाक्य मध्यस्थाच्या तोंडी ठरलेले. हिंदू वारसा कायद्यातल्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच वाटा दिला आणि विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी तो तिचा जन्मसिद्ध हक्क असल्याचे स्पष्ट केले. तरीही हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेताना जमीन किती भावाने चालली आहे, हे तिला सांगितले जात नाही. वर्षभराने तिला आकडा कळतो आणि मग दावा लागतो. बहीण लबाड झाली म्हणून दावा लागत नाही, तिला अंधारात ठेवले म्हणून लागतो. खरेदीदाराने प्रत्येक वारसाला आपल्या तोंडाने भाव सांगावा, प्रत्येकाच्या खात्यात त्याचा हिस्सा जमा करावा, आणि एखादी आत्या ‘मला द्यायची नाही’ म्हणाली, तर तिचा मान राखून परत फिरावे. कुलमुखत्यारपत्रावर भागवू, असे कोणी सुचवले, तर सूरज लॅम्प खटल्यातला २०११ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवावा. केवळ मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही.

समुद्राकाठच्या जमिनीला आणखी एक मालक असतो, तो म्हणजे पाणी. किनारा नियमनाची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा तिने नियमनाखाली आणला आणि ग्रामीण भागात पहिल्या २०० मीटरमध्ये नव्या बांधकामाला बंदी घातली. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी ही मर्यादा ५० मीटरवर आणली, विरळ वस्तीसाठी २०० मीटरच ठेवली. आपला गट यातल्या कोणत्या पट्ट्यात येतो, हे एजंटाच्या बोटाने न ठरवता मंजूर नकाशावरून ठरवावे लागते. किहीमच्या किनाऱ्यावरचा नीरव मोदीचा बंगला ८ मार्च २०१९ रोजी सुरुंग लावून पाडला गेला, तेव्हा सगळ्या देशाने ते पाहिले. कितीही पैसा ओतला, तरी भरतीरेषेजवळचे नियमबाह्य बांधकाम कायम सुरक्षित नसते.

खारेपाटातले दुखणे मात्र बातम्यांत फारसे येत नाही. पेण, अलिबाग, उरण या तालुक्यांत खाडीकाठी मातीचे बांध घालून भातशेती केलेली आहे. बांधाला खांड गेली आणि ती वेळेवर बुजली नाही, की उधाणाचे पाणी शेतात खेळू लागते. दोन-तीन वर्षांत तिथे तिवरे उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आणि २०१८ च्या आदेशांनी कांदळवन तोडण्यावर कडक बंधन आहे, त्याभोवती ५० मीटरचा पट्टाही राखायचा आहे. म्हणजे शेतकऱ्याचे पीक गेले, जमीन सातबाऱ्यावर भातशेती राहिली आणि प्रत्यक्षात कांदळवन झाली. असा शेतकरी अगतिक असतो आणि मध्यस्थाला अगतिकता लांबून कळते. ‘स्वस्तात लागली आहे, पुढे भराव टाकू,’ अशी जी लीड, म्हणजे विक्रीची खबर, येते, ती बहुधा इथली असते. अशी जमीन घेऊ नये. कायद्याने ती वापरता येत नाही हे एक कारण. दुसरे मला अधिक महत्त्वाचे वाटते: त्या शेतकऱ्याला बांध हवा आहे आणि बांधाची दुरुस्ती हे सरकारचे काम आहे. त्याच्या अडचणीतून नफा काढणे हा मी धंदा मानत नाही.

एवढे करूनही शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन घेताच येत नाही, कुळकायद्याच्या कलम ६३ ची आडकाठी आहे. त्यावर ‘शेतकरी दाखला करून देतो’ असे सांगणारे भेटतात. दाखला खोटा निघाला तर कलम ८४-क खाली व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होऊ शकते, आणि दाखला देणारा तोवर फोन उचलत नसतो. ज्याच्या घराण्यात शेती नाही, त्याने बिनशेती भूखंडच पाहावा. दुसरी पळवाट म्हणजे एका एकराचे पाच-पाच गुंठ्यांचे तुकडे दाखवून आठ अनोळखी माणसांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवणे. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. निवासी क्षेत्रांसाठी २०२५ मध्ये सवलत आली, पण ती गावकुसाबाहेरच्या प्रत्येक खाचराला लागू होत नाही. तिथे तुम्ही प्लॉटचे मालक नसता, आठ अनोळखी सहहिस्सेदारांपैकी एक असता. आदिवासींच्या जमिनी, कातकरी-ठाकरांच्या दळी जमिनी आणि खासगी वनाचा शेरा असलेले गट यांची बातमी कोणी आणली, तर ऐकूनही घेऊ नये.

मग खरी लीड मिळते कुठे? ज्या एजंटाने आधी चार जागा नाकारायला लावल्या, त्याच्याकडे. ‘हा नंबर घेऊ नका, मोजणीत रस्ता दुसऱ्याच्या हद्दीत जातो,’ असे सांगून स्वतःची दलाली सोडणारी माणसे या किनाऱ्यावर आहेत. त्यांची ओळख जाहिरातीतून होत नाही. दुय्यम निबंधक कार्यालयाजवळचे वकील, भूमापक, जुने मुद्रांक विक्रेते त्यांची नावे सांगतात. स्थानिक वृत्तपत्रांतल्या जाहीर नोटिसा रोज वाचल्या, तरी कोणत्या गावात काय चालले आहे ते दिसू लागते. भावासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहण्याची गरज नाही. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर त्याच गावातल्या अलीकडच्या व्यवहारांची सूची क्रमांक २ उघडता येते. नोंदलेला भाव आणि सांगितलेला भाव शेजारी ठेवले, की निम्मी बोलणी तिथेच होतात.

आणि जागा जुलैत पाहावी. पावसाळ्यात मांडव्याच्या लाँच बंद असतात, गाडीने वडखळच्या रांगेत ताटकळावे लागते, म्हणून शहरी माणूस दिवाळीनंतर येतो. तेव्हा सगळी जमीन कोरडी, सगळ्या वाटा रुंद आणि सगळ्या विहिरी गोड असतात. जुलैत खाचरात गुडघाभर पाणी दिसते, ‘रोड टच’ म्हणून दाखवलेली पायवाट ओहोळ झालेली असते, आणि शेजारचा शेतकरी लावणीच्या घाईत असला, तरी ही वाट कोणाची आहे ते मोकळेपणाने सांगतो. पुन्हा एकदा मे महिन्यात जाऊन त्याच विहिरीचे पाणी चाखावे, खारे लागते की नाही ते जिभेलाच कळते. एजंटाला एवढे थांबणे परवडत नाही, ‘दुसरी पार्टी टोकन घेऊन उभी आहे’ असे तो सांगतो. असली तर घेऊ द्यावे त्या पार्टीला.

सरकारकडे मागणी एकच आहे आणि ती अवघड नाही. महारेराने प्रकल्पांच्या एजंटांना जी नोंदणी, परीक्षा आणि दंडाची चौकट घालून दिली, तीच शेतजमिनीच्या मध्यस्थालाही लावावी. खरेदीखतात मध्यस्थाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि त्याला मिळालेली रक्कम लिहिणे सक्तीचे करावे. ज्या जिल्ह्यात कुळांनी सहा वर्षे उपाशी राहून जमिनी मिळवल्या, तिथे त्या जमिनी विकल्या जाताना मधल्यामध्ये किती गेले, हे मालकाला आणि त्याच्या बहिणींना कागदावर वाचता आले पाहिजे. कायदा होईल तेव्हा होईल. तोवर वाचकहो, या किनाऱ्यावर जागा घेणार असाल, तर टोकनाचा धनादेश मालकाच्याच नावाने फाडा, आणि तो फाडण्याआधी सगळ्या वारसांना एकत्र बसवून आकडा मोठ्याने सांगा.